तूनसची पावलं

—नाही नाही, डॉक्टरबाई, तिथून नको, तिथं घोट्यापर्यंत पाय रुततो, तुमचा बूट आत राहील आणि पाय तेवढा बाहेर येईल — इकडे या, या होडीवर बसा, उपडीच आहे, बसलं तरी कोणी काही म्हणत नाही. आजी येईल. अजून ओहोटीच आहे, भरती लागायला वेळ आहे. ती बघा — बायकांच्या घोळक्याकडे नका बघू, त्यात ती नाही, त्यांच्या डावीकडे, लांब, एकटी — गवती टोपी दिसतेय? तीच. हो, सरळ दिसते. सरळच चालते आता. मला माहीत होतं तुम्ही तेच म्हणाल आधी. आईनं मला सांगितलंय, डॉक्टरबाई येतील, त्यांना घरात बसव, चहा दे, आजीला हाक मार — पण इथून हाक मारून उपयोग नाही, वारा तिकडून येतो, आपली हाक आपल्याच तोंडात परत येते. तिला यायचं तेव्हा येईल. तुम्ही बसा ना. मला जरा तुमच्याशी — नाही, काही नाही. बसा.

त्या दिवशी दवाखान्यात मी तुमच्याशी एक अक्षर बोलले नव्हते. तुम्हाला आठवणारही नाही, मी कोपऱ्यात आजीच्या चपला धरून उभी होते. मी बोलतच नाही फारशी. शाळेत कोणी नवीन सर आले आणि नाव विचारलं तर शेजारची मुलगी सांगते, “रिहाम, सर, तिचं नाव रिहाम, तिला जीभ आहे पण ती घरी ठेवून येते.” पण मी बघते. मी त्या दिवशी सगळं बघितलं. तुम्ही गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांना एका रांगेत उभं केलंत, भिंतीला पाठ लावायला सांगितलंत, आणि एकीचीही पाठ भिंतीला पूर्ण लागली नाही. मग तुम्ही टेबलावरचं वाडगं उचललंत आणि म्हणालात, कंबरेच्या आतलं हाड असं असतं, वाडग्यासारखं, आणि पाठीचा कणा त्यावर उभा असतो. पाठ पुढे झुकली की माणूस तोंडावर पडू नये म्हणून हे वाडगं मागे कलतं, वाडगं कललं की गुडघे वाकतात, गुडघे वाकले की पाऊल आखूड पडतं, माणूस लवकर थकतो, अडखळतो. तर रबहमावशी काय म्हणाली? “म्हणजे आल्जिया, तुझं कुसकुस मागच्या मागे सांडतंय की गं!” आणि आजी म्हणाली, “माझं निदान सांडतंय तरी, तुझ्या वाडग्यात पहिल्यापासून होतं काय?” तुम्हीसुद्धा हसलात. मग तुम्ही फोनवर आजीचा बाजूनं फोटो काढलात, त्यावर मानेपासून माकडहाडापर्यंत लाल रेघ ओढलीत आणि तिला दाखवलात. ती काय म्हणाली ते आठवतं तुम्हाला? ती म्हणाली, “ही तर ताई. हिचा फोटो तुझ्याकडे कसा आला?”

तुम्हाला वाटलं, गंमत करतेय. सगळ्याच हसल्या. पण आजी हसली नव्हती, डॉक्टरबाई. ती फोन दोन्ही हातांनी धरून बघत होती, तुम्ही हळूच तिच्या हातातून काढून घेतलात.

तूनस. आजीची मोठी बहीण. त्यांची आई लवकर गेली, तर तूनसनंच आजीला वाढवलं — पाठीवर बांधून इथे आणायची, या चिखलात, आणि दिवसभर वाकून शिंपल्यातल्या तिसऱ्या काढायची. तुम्ही कधी काढल्यात? चिखलावर दोन बारीक भोकं दिसतात, आम्ही त्यांना डोळे म्हणतो, तिसरीचे डोळे — ते दिसले की विळ्याचं टोक खाली घालायचं. उभ्यानं ते डोळे दिसत नाहीत. वाकावंच लागतं, आणि नुसतं वाकून नाही भागत, वाकून चालावं लागतं. आणि पाठीवर मूल. आजी म्हणते, “ताईची पाठ समुद्रानं नाही वाकवली, मी वाकवली. मी जड होते. मला उतरायचंच नसायचं.” तूनस चाळिशीतच कंबरेत मोडल्यासारखी झाली होती म्हणतात. हात मागे, कंबरेवर बांधलेले, नजर जमिनीत. रस्त्यात कोणी भेटलं तर चपलेवरून ओळखायची आणि मग मान वाकडी करून वर बघायची, एका डोळ्यानं, कोंबडीसारखी — असं आजी सांगते आणि करूनही दाखवते, आणि करून दाखवताना हसते, आणि मग एकदम हसणं थांबवते.

मी आईच्या पोटात होते तेव्हाची गोष्ट. हिवाळ्यातली सकाळ होती, सगळ्या बायका तिकडे पार खाडीजवळ गेलेल्या — ती झावळ्यांची रांग दिसते ना, मासे अडवायला रोवलेल्या, ते कुंपण, त्याच्या पलीकडे खाडी आहे, भरतीचं पाणी आधी तिथून आत येतं, पुढून नाही, मागून येतं, म्हणूनच कळत नाही. आणि धुकं आलं. इथलं धुकं खाली बसतं, स्वतःचा हातही दिसत नाही. बायका एकमेकींना हाका मारत किनाऱ्याकडे पळाल्या. आजी तेव्हा सरळ होती, डॉक्टरबाई. ती पळू शकत होती. तूनस म्हणाली, “तू हो पुढे, मी येतेच आहे.” आणि ती येतच होती, आजीला तिची हाक ऐकू येत होती, आधी जवळून, मग जरा लांबून, मग कुठून येतेय तेच कळेना. अशा पाठीची बाई किती भरभर येणार? तुम्हीच सांगितलंत ना, पाऊल आखूड पडतं. टोपली सापडली दुसऱ्या दिवशी. ती नाही सापडली. आमच्या कबरस्तानात तिची कबर नाही. ईदला सगळे आपापल्या माणसांच्या कबरीवर जातात, पाणी शिंपडतात, आणि आजी फाटकाशी उभी राहते. आत येत नाही. म्हणते, “माझं आत कोणी नाही.” आजोबा आहेत तिचे — म्हणजे माझे आजोबा, तिचा नवरा, तो आत आहे, आणि ही म्हणते कोणी नाही!

तुम्हाला थंडी वाजतेय का? ही माझी शाल घ्या. घ्या हो, मला सवय आहे.

तर पावलं. इथल्या बायका एकमेकींना पावलांवरून ओळखतात, म्हणजे चेहऱ्याची गरजच नसते, कारण बघतोच कोण चेहऱ्याकडे, सगळ्यांची नजर खाली. रबहमावशीच्या बुटाच्या तळाला एक उभी चीर आहे. माझी आई उजवीकडे जास्त भार देते. आता बहुतेक सगळ्या रबरी बूट घालतात, अनवाणी फक्त म्हाताऱ्या जातात, आणि अनवाणी म्हाताऱ्यांतल्या आता एकटी आजीच राहिलीय. आणि काही वर्षांपूर्वी — मी तेव्हा लहान होते, माझ्यासमोर कोणी बोलायचं थांबत नसे — आजी एक दिवस घरी आली आणि टोपली न ठेवताच म्हणाली, “ताई आली होती.” आई म्हणाली, “कोण ताई?” “माझी ताई. तिची पावलं बघितली. बोटं खोल रुतलेली, टाच जेमतेम टेकलेली, डावा पाय ओढलेला. दुसऱ्या कोणाची असणार?” आईच्या हातातली परात खाली पडली. मग रोज. म्हणजे रोज नाही, जेव्हा ओहोटी नीट असेल तेव्हा. आजी कामाला जायची, वाकून वाकून हिंडायची, आणि परत येताना वाटेत तिला ती पावलं दिसायची. ती तिथं बसायची, हात उघडून गेलेल्या बहिणीसाठी फातिहा म्हणायची, आणि मग तिच्याशीच भांडायची. हो, भांडायची! “एवढ्या थंडीत अनवाणी फिरतेस, अक्कल आहे का तुला? मला सांगायचं तर होतंस, निघाले म्हणून.” मी ऐकलंय. रबहमावशी म्हणाली एकदा, “आल्जिया, मेलेली माणसं चालत नाहीत, असं बोलणं पाप आहे.” तर आजी म्हणाली, “मी कुठं माणूस म्हणतेय? मी पाय म्हणतेय. पाय दिसले तर दिसले म्हणू नको?”

मला कधी कळलं? मला लगेच कळलं. मी तिच्या मागून चालत होते एकदा, तिची टोपली घेऊन, तेव्हा खाली बघितलं. बोटं खोल, टाच नाही, डावा पाय ओढलेला. माझ्या पुढ्यात ती चालत होती आणि तिच्या मागे तूनसची पावलं उमटत होती.

तिचीच होती हो. जाताना तिनंच उमटवलेली, येताना तिलाच दिसलेली. सगळ्या बायकांना माहीत होतं. आईला तर पहिल्याच दिवशी कळलं असणार. पण कोण सांगणार तिला? आणि काय सांगणार? — की आजी, तुझी पाठ आता तिच्यासारखी झालीय? तिला ते माहीतच नव्हतं. माणसाला आपली पाठ दिसत नाही, डॉक्टरबाई. तिच्या मनात ती अजून ती पळणारी, टाच आधी टेकवणारी आल्जियाच होती. आमच्या घरात आरसा आहे तोही वीतभर, आणि तो उंच लावलाय, तिला त्यात फक्त डोक्यावरचा रुमाल दिसतो, ती म्हणते आरसा खाली घसरलाय, कोणीतरी वर लावा — म्हणजे उलटंच, पण ती तसंच म्हणते.

मग तुम्ही आलात. नाही, मी तुम्हाला बोल लावत नाहीये. खरंच नाही. तुम्ही बांधायला दिलेल्या पट्ट्यानं तिची कंबर दुखायची थांबली. आधी ती विहिरीपर्यंत जाताना मशिदीच्या पायरीवर बसायची, मग बेकरीच्या ओट्यावर बसायची, आता बसत नाही. तुम्ही सांगितलेला व्यायाम ती रोज करते, पोटावर पडून हात मागे घेऊन छाती उचलायची तो, आणि आई दारातून म्हणते, “कासव उलटायचं राहिलं तेवढं,” आणि आजी म्हणते, “ये ना, तू पण झोप, दोन कासवं होतील.” तुम्ही तिला चालायला शिकवलंत — टाच आधी, मग बोटं, नाभी आत, समोर बघायचं. आणि ती शिकली. तिला अभिमान वाटायला लागला. रबहमावशीच्या दारावरून मुद्दाम चालत जायची. सगळे म्हणाले, आल्जिया दहा वर्षांनी तरुण झाली.

आणि तूनस यायची थांबली.

तुम्हाला कळतंय ना मी काय म्हणतेय? पट्टा बांधल्यापासून आजीची पावलं बदलली. टाच खोल, बोटं हलकी, डावा पाय उचललेला. परत येताना ती शोधायची आणि तिला आपल्यासारखीच कोणाची तरी सरळ पावलं दिसायची, ती त्यांच्याकडे ढुंकूनही बघायची नाही. पहिल्या दिवशी म्हणाली, आज वारा होता, पुसली असतील. दुसऱ्या दिवशी म्हणाली, ताईला बरं नसेल. मग जेवताना भाकरी तेलात बुडवायची आणि तशीच धरून बसायची, तेल कोपरापर्यंत ओघळायचं. व्यायाम मात्र करायची, तुम्हाला शब्द दिला होता ना. एकदा मी तिचा पट्टा बांधत होते तर मला म्हणाली, “पोरी, मी तिला काय बोलले गं? मी एवढं लागेल असं काही बोलले का?” मी काय सांगू? मी म्हटलं, नाही आजी. एवढंच. मला बोलताच येत नाही वेळेवर, तुम्हाला सांगितलं ना.

— नाही, तसं नाही, पट्टा ती रोज बांधते, मीच बांधते — पण मग पावलं, म्हणता? — हो, पुन्हा दिसायला लागली. हो. गेले काही दिवस, कालपर्यंत दिसत होती. आईनं सांगितलं का तुम्हाला? आईला एवढंच माहीत आहे की दिसत होती. कशी ते — कशी ते मी सांगते. पण तुम्ही आईला सांगू नका.

मी जायचे. उजाडताना, आजी उठायच्या आधी. बूट इथे या होडीखाली लपवायचे, अनवाणी, चिखल बर्फासारखा असतो तेव्हा. हात मागे बांधायचे, कंबरेत वाकायचं, गुडघे मोडायचे, बोटांवर भार आणि डावा पाय ओढायचा. मी तिला इतकी वर्षं बघत आलेय, मला ते अवघड गेलं नाही. अवघड काय गेलं सांगू? वाकून चाललं की पुढचं दिसत नाही. फक्त आपले पाय आणि त्यांच्यापुढचा हातभर चिखल. आकाश नाहीच. किनारा कुठल्या बाजूला आहे तेसुद्धा मान वर केल्याशिवाय कळत नाही, आणि मान वर केली की तोल जातो. मी तेव्हा समजले तूनसला त्या धुक्यात काय झालं असेल. धुकं नसतं तरी तिला दिसत नव्हतंच.

पहिल्या दिवशी आजी आली ती हसत आली. “आली होती!” आणि मग चहा पिताना म्हणाली, “पण पावलं अगदी हलकी झालीत गं तिची. तिकडे तिला पोटभर मिळत नाही वाटतं.” आणि दुसऱ्या दिवशी तिनं भाकरीचा तुकडा नेला, त्याला हरिसा लावून, तूनसला तिखट आवडायचं म्हणून. तो सीगलांनी खाल्ला, मी इथून बघत होते. मग मी पाठीवर पोत्यात ओली वाळू घेऊन जायला लागले. वजन यायला. पावलं खोल उमटायला. वाळू ओली असली की पोतं पाठीला थंड चिकटतं, आणि ते मुलासारखं लागतं, खरंच, पाठीवर मूल असल्यासारखं, खाली खाली सरकणारं. आजी खूश झाली. “आता भरलीय जरा.” मी काय करत होते ते मला — मला ते चुकीचं वाटत नव्हतं तेव्हा. मला वाटलं, माझे पाय, तिची बहीण, कोणाचं काय जातंय.

पण शाळेत आता मुली म्हणतात, रिहाम, काय शोधतेस खाली? आई येता-जाता पाठीत हात मारते, सरळ बस, काय म्हातारीसारखी बसतेस. मी सरळ बसते. आणि थोड्या वेळानं बघते तर पुन्हा तशीच. दप्तर नसलं तरी तशीच. रस्त्यानं जाताना माझा डावा पाय — नाही, तुम्ही नका बघू माझ्या पायाकडे. आज मी नीट चालतेय. आज मी लक्ष देतेय. मला एक सांगा, अशी चाल अंगात बसते का? म्हणजे दुसऱ्याची? आणि एक दिवस मी वाकून चालत होते, उजाडत होतं, आणि मला वाटलं, कोणीतरी माझ्यामागून त्याच चालीनं येतंय. ओढल्याचा आवाज, चप — आणि मग ओढ. मी थांबले तर तोही थांबला. माझाच असणार. चिखलात आवाज परत येतो. पण मी मागे बघितलं नाही. पळालेही नाही, पोतं होतं पाठीवर. मी फक्त तशीच चालत राहिले, हळू, तिच्याच वेगानं, कारण मला वाटलं, आपण पळालो तर ती पुन्हा मागे राहील.

राहू दे. ते नका लिहू कुठे.

मी तुम्हाला का थांबवलं ते सांगते. काल आजी मला म्हणाली — आम्ही दोघी अंगणात होतो, ती तिसऱ्या धूत होती — म्हणाली, “तुला ठाऊक आहे ताई का नाराज आहे? मी पुन्हा सरळ झाले म्हणून. त्या दिवशीही मी सरळ होते. मी सरळ होते म्हणून पळाले, आणि ती मागे राहिली. आता डॉक्टरणीनं पुन्हा मला सरळ केलं आणि पुन्हा मी पुढे आणि ती मागे.” मी म्हटलं, आजी, ती येतेय की, पावलं दिसतात की. ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “उद्या दिसली तर बरं. नाही दिसली तर मी खाडीपर्यंत जाऊन बघून येते. आता मला तेवढं चालवतं.”

आता तिला तेवढं चालवतं, डॉक्टरबाई. हेच तर. आधी चालवत नव्हतं. तिची पाठ तिला त्या कुंपणाच्या अलीकडेच बसवायची, इतकी वर्षं. तुम्ही तिला चालायला शिकवलंत आणि आता ती तिथपर्यंत पोचू शकते.

आणि आज मी गेले नाही. जायचं होतं. पण तुम्ही येणार म्हणून आईनं उजाडायच्या आधी उठवलं, अंगण धू, चटया झटक, बेकरीतून गरम भाकरी आण — आणि मी भाकरी घेऊन आले तोवर आजी निघून गेलेली. मी नुसत्या तोंडानं म्हणाले असते, आई, मला जरा समुद्रावर जायचंय, तर काय झालं असतं? नाही म्हणाले. नाही सुचलं. म्हणून आज तिथं काही नाही. एकही पाऊल नाही. ती शोधतेय बघा — ती तिसऱ्या नाही शोधत, तिसऱ्या शोधताना ती थांबत थांबत जाते, आता सरळ रेषेत चाललीय. कुंपणाकडे.

पळत जाऊ? मघापासून तेच मनात आहे. पण मी गेले तर ती विचारेल, का आलीस? आणि तिच्या तोंडावर मला खोटं नाही बोलता येत, पायांनी बोलता येतं. म्हणून म्हटलं, तुम्ही सांगा तिला. तुम्ही डॉक्टर आहात. तुम्ही म्हणा, पट्टा आता पुरे झाला. किंवा म्हणा, चिखलात बांधायचा नाही, चिखलानं खराब होतो. घरात बांध, विहिरीवर जाताना बांध, इथे नको. ती तुमचं ऐकेल. — हो, मला कळतं की तिची कंबर पुन्हा दुखेल. मला कळतं की ती पुन्हा बेकरीच्या ओट्यावर बसेल. तुम्हाला वाटतं मला ते कळत नाही?

ती कुंपणाशी पोचली. भरती लागायची आहे अजून. ती पलीकडे गेली तर मी जाणार, मग काय व्हायचं ते होऊ दे. बूट काढते मी.

थांबली.

नाही, थांबा — ती थांबली. पलीकडे बघतेय. तोंड उघडलंय का तिचं? हाक मारतेय वाटतं. आपल्याला ऐकू यायला हवं होतं, वारा तर तिकडूनच आहे — म्हणजे हळू बोलतेय. आता काय करतेय? कंबरेशी हात — पट्टा. पट्टा सोडतेय. समोरचे दोन्ही बंद सोडले. झावळीच्या खुंटावर अडकवला, तो पांढरा दिसतोय तोच. विळा पण खाली ठेवला.

वाकली.

काही शोधत नाहीये. विळा तर खाली आहे. दोन्ही हात मागे घेतलेत, कंबरेवर. आणि चालतेय — कुंपणाच्या अलीकडूनच, कडेकडेनं — इतकं हळू ती आधीसुद्धा चालत नव्हती, डॉक्टरबाई, पाठ सगळ्यांत वाईट होती तेव्हासुद्धा नाही. डावा पाय ओढतेय. मुद्दाम ओढतेय. आता थांबली. वळतेय — पाय न हलवता, नुसती वळली, ठसे मोडू नयेत म्हणून.

आपल्याच पावलांकडे बघतेय.

बसली. हात उघडले.

…

तिला माहीत आहे. कधीपासून, कोण जाणे. फोटोपासून? का माझ्या पहिल्याच दिवसापासून — माझा पाय तिच्यापेक्षा लहान आहे, आणि ती पावलं वाचणारी बाई — मी काय वेडी होते.

नाही, तुम्ही नका येऊ. पट्ट्याचंही काही बोलू नका, आज तर नाहीच, तो तिथं राहिला तर राहिला. मी जाते तिला आणायला. मागून चालेन तिच्या, तिच्याच वेगानं, बोलणार नाही काही. ती तशी चालत येताना किनाऱ्यावर कोणी उभं राहून बघत असलेलं तिला नको वाटेल. तुम्ही गाडीत जाऊन बसा. नाहीतर — जाच तुम्ही आज. आईला मी सांगेन काहीतरी. जा, डॉक्टरबाई.